विषाच्या डब्यातली पुडी

हिंदी मुलखातल्या आमच्या चौबे कॉलनीत माझं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. एक म्हणजे मी उंदीर मारण्यात तरबेज होतो. दुसरी म्हणजे मी चाळीस वर्षांची तंबाखू एका दिवसात सोडली होती. यातली पहिली गोष्ट खरी होती. दुसरीबद्दल लिहायचं म्हणून आज वही घेऊन बसलो आहे, आणि बायको दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून येऊन पाहते आहे की मी स्वतःला फार चांगला तर रंगवत नाही ना.

आधी उंदरांचं सांगतो, कारण तिथे मला लाजायचं काही कारण नाही.

मी रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होतो. आमच्याकडे मालधक्का म्हणजे तांदळाची पोती, आणि पोती आली की उंदीर आलेच. तिथल्या जुन्या हमालांकडून मी ही विद्या शिकलो. उंदीर हा अतिशय संशयी प्राणी. नवीन खाणं दिसलं की दोन दिवस नुसता भोवती फिरतो, तोंड लावत नाही. म्हणून आधी त्याला साधं खाणं घालायचं, त्याचा विश्वास बसू द्यायचा, मग त्यात औषध कालवायचं. औषधही असं, की खाल्ल्याबरोबर मरता कामा नये. तो मेला की बाकीचे सावध होतात. चांगल्या औषधाने रक्त गोठायचं थांबतं. चार-पाच दिवस उंदीर मजेत हिंडतो, आतल्या आत रक्त वाहत राहतं, त्याला पत्ता नसतो आणि त्याच्या भावकीलाही नसतो. हे व्याख्यान मी कॉलनीत इतक्या लोकांना दिलं होतं, की समोरच्या घरातल्या बाई मला पाहिलं की आधीच म्हणायच्या, "हव भैया, मालूम है, खून जमता नहीं."

गेल्या वर्षी शेजारचा जुना बंगला पाडून तिथे फ्लॅटचं काम सुरू झालं. बंगल्यातले उंदीर सगळं बिऱ्हाड घेऊन आमच्याकडे आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात वॉशिंग मशीनचा पाइप खाल्ला, दुसऱ्या आठवड्यात पाण्याच्या फिल्टरची नळी, आणि तिसऱ्यात मुलाने आमच्याकडे ठेवलेल्या कारच्या वायरी. मुलगा हैदराबादला असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, आप तो एक्सपर्ट हो ना?" त्याला मराठी सगळं कळतं, पण टोमणा मारायचा असला की तो हिंदीत मारतो.

मी इरेला पेटलो. तोपर्यंत मी दुकानातल्या तयार वड्या वापरत होतो, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. त्या या नव्या उंदरांच्या पसंतीला उतरेनात. मग भनपुरीला एका ओळखीच्या गोदामवाल्याकडे गेलो. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमधले लोक उंदरांच्या बाबतीत कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त जाणतात. त्याने सांगितलं, वडी सोडा, पावडर घ्या आणि खाणं घरी बनवा. मी पावडरचं मोठं पाकीट आणलं आणि जिन्याखाली बसून तांदळाची कणी, गूळ, तेल आणि पावडर असं कालवायला लागलो. हाताने. चमच्याने कालवलेलं एकजीव होत नाही. भज्यांचं पीठ आणि उंदराचं खाणं, दोन्ही हातानेच कालवावं लागतं, असं माझं ठाम मत होतं. पहिल्या दिवशी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, ती फाटली, पुढे बांधली नाही. काम झालं की बागेतल्या नळाखाली हात ओले करायचे, म्हणजे धुतले.

उंदरांचं सगळं सामान आमच्याकडे वर्षानुवर्षं एका पत्र्याच्या डब्यात राहायचं. डब्यावर बायकोने लाल नेलपॉलिशने मोठी फुली काढून "विष, हात लावू नये" असं लिहून ठेवलं होतं. तिला त्या डब्याची एवढी धास्ती, की झाडताना ती त्याच्याभोवती वीतभर जागा सोडून केरसुणी वळवायची. बाकी घरात मात्र तिचा हात जाणार नाही अशी जागा नाही. गाद्यांच्या खोळी, माझ्या जुन्या बुटांच्या जोड्या, पंख्याच्या वरचा कप, सगळीकडे ती आठवड्यातून एकदा पोचते.

आता तंबाखूकडे येतो.

पाच वर्षांपूर्वी माझ्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. तपासणीला तुकडा दिला आणि निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बायको नीट जेवली नाही. निकाल चांगला आला, त्या दिवशी मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, आजपासून बंद. डबी, चुना, पुड्या, सगळं तिच्यादेखत कचऱ्यात टाकलं. ती रडली. मीही रडलो, पण माझ्या रडण्यात थोडी तंबाखूही होती.

आणि मी खरंच सोडली. सात महिने. हे सात महिने खरे आहेत, हवं तर बायकोला विचारा. पण तिला आता मी सांगितलेलं काहीच खरं वाटत नाही. सात महिन्यांनी ऑफिसातल्या एका सोबत्याच्या निरोपसमारंभात कुणीतरी मळलेली तंबाखू पुढे केली आणि माझा हात माझ्याआधी पोचला. घरी येताना एक पुडी आणि चुन्याची डबी खिशात होती. आता ठेवायची कुठे? बुटात ठेवली, दुसऱ्या दिवशी बूट उन्हात होते. पुडी कशीबशी आधी काढली. कुलरच्या मागे ठेवली, तिने कुलर धुवायला काढला. आठवडाभर मी आणि ती पुडी घरभर एकमेकांना सांभाळत हिंडलो. आणि मग एका दुपारी जिन्याखाली उभा असताना मला तो डबा दिसला. अख्ख्या घरात एकच जागा अशी होती जिथे बायकोचा हात जाणं शक्य नव्हतं, आणि तसं तिनेच स्वतः लाल अक्षरांत लिहून दिलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला स्वतःच्या डोक्याचा फार अभिमान वाटला.

पुढे निवृत्त झालो आणि माझा दिनक्रमच ठरून गेला. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मी "उंदरांचं पाहून येतो" म्हणून जिन्याखाली जायचो. डबा उघडायचा, पुडी काढायची, डाव्या तळव्यावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने दोन-चार मिनिटं चांगलं मळायचं, आणि खालच्या ओठात बार भरायचा. नंतर बडीशेप. बायकोला सर्दीचा जुना त्रास आहे, वास तिला येत नाही. उलट ती माहेरी फोनवर सांगायची, "यायले निवृत्तीनंतर काहीतरी काम पाहिजेच होतं. उंदरांच्या मागं लागले तर तीन-तीन वेळा पाहून येतात."

वड्या प्लॅस्टिकमध्ये होत्या तोवर निभावलं. पावडर आली आणि ती डब्यात सांडत राहिली. पुडीवर सांडली, चुन्याच्या डबीवर सांडली. ती पावडर आणि तंबाखूची भुकटी यांत फरक करायला मी काही चष्मा लावून बसत नव्हतो.

इकडे माझी कीर्ती वाढत होती. बायकोने माझी गोष्ट हळदीकुंकवात सांगितली, भजनाला सांगितली, भाजीच्या ठेल्यावर सांगितली. "चाळीस वर्षांची सवय, एका दिवसात! नुसतं माझ्या डोक्यावर हात ठेवून." बायका आपापल्या नवऱ्यांना माझ्याकडे पाठवायला लागल्या. तिसऱ्या घरातले एक गृहस्थ, वीज खात्यातून निवृत्त झालेले आणि आमच्यासारखेच मूळचे अमरावतीकडचे, दिवसाला तंबाखू-सुपारीचे सात-आठ खर्रे खायचे. त्यांना तर माझी बायको स्वतः घेऊन आली. "भाऊजी, यांच्याजवळ बसत जा रोज. हे सांगतील तसं करा."

मी सांगायचो. तलफ आली की पाणी प्या. लवंग चघळा. चालायला जा. जी जागा तंबाखूची असेल त्या जागी बसू नका. हे सांगताना बरेचदा माझ्या स्वतःच्या ओठात बार असायचा, त्यामुळे मी मोजकंच बोलायचो, आणि मोजकं बोलणाऱ्याची छाप पडते. चार महिन्यांत त्यांचा खर्रा सुटला. ते लोकांना म्हणायचे, "भाऊच्या बोलण्यात वजन आहे." वजन होतं, पण ते ओठात होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी दात घासताना थुंकी गुलाबी आली. दुसऱ्या दिवशी लाल. उंदरांचं औषध माझ्या डोक्यातही आलं नाही. मला आठवला तो चट्टा. मनाशी म्हटलं, झालं, आता तोंडातच निघालं, आणि आता सगळ्यांना कळणार. खरं सांगायचं तर मरणापेक्षा हे "सगळ्यांना कळणार" मला जास्त टोचलं. म्हणून कुणाला काही सांगितलं नाही. आणि मला भीती वाटली की काय लागतं? तंबाखू. दिवसाला तीनदा होती ती पाच-सहादा झाली.

मग अंगावर काळेनिळे डाग यायला लागले. दंडावर, मांडीवर, पोटावर. बायकोने विचारलं, "कुठं धडकले?" मी म्हणालो, कारच्या दाराला. पोटाला दार कसं लागलं, हे तिने विचारलं तेव्हा मी बाहेर निघून गेलो. आणि एका रविवारी दाढी करताना हनुवटीवर एक बारीकशी चीर पडली. तुरटी फिरवली, रक्त थांबेना. कापूस लावला, कापूस भिजला. दोन तासांनी टॉवेल लाल झाला आणि नाकातूनही धार लागली. बायकोने मला धरून ऑटोत बसवलं आणि तेलीबांध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती ऑटोवाल्याला ओरडत होती आणि मला समजावत होती, दोन्ही एकाच वाक्यात.

दवाखान्यात तपासणीसाठी रक्त काढलं, तर सुईची जागा वाहतच राहिली. प्रयोगशाळेतून निरोप आला, पुन्हा काढा, काहीतरी चुकलं दिसतं. पुन्हा काढलं. चुकलेलं नव्हतं. माझं रक्त गोठायचंच विसरलं होतं. डॉक्टर प्रश्न विचारायला लागले. रक्त पातळ करायची गोळी घेता? नाही. दारू? नाही. जडीबुटी, वैदूची पुडी? नाही. तंबाखू?

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "पाँच साल पहले छोड़ दी डॉक्टर साहब! एक दिन में!" आणि तिने सबंध गोष्ट सांगितली, डोक्यावरच्या हातासकट. नर्सने माझ्याकडे आदराने पाहिलं. मी विनयाने मान खाली घातली. त्या वेळी माझ्या नाकात बोळे होते आणि विनय दाखवणं सोपं नव्हतं.

त्यांनी प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या, के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. दोन दिवसांत रक्त थांबलं. यकृत ठीक, तोंडही ठीक. कारण सापडलं नाही, पण बरं वाटत होतं, म्हणून चौथ्या दिवशी घरी सोडलं. यात त्यांची काही चूक नव्हती. चूक त्यांच्यासमोर खाटेवर पडून विनय दाखवत होती.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं, ते लिहिताना अजूनही माझे कान गरम होतात. तोंड ठीक आहे, हा डॉक्टरांचा शब्द मी परवानगीसारखा घेतला. जिन्याखाली गेलो आणि बार भरला.

सहा दिवसांनी लघवी लाल झाली. बिटाची कोशिंबीर खाल्ली होती असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण घरात बीट नव्हतं.

पुन्हा तोच दवाखाना, तीच खाट. या वेळी एक नवीन डॉक्टर आली, तरुण मुलगी, आमच्या मुलापेक्षा लहान. आडनाव मराठी. मी आनंदाने मराठीत सुरू झालो तर म्हणाली, "समझती हूँ अंकल, बोलने में गड़बड़ हो जाती है." मग मी मराठीत आणि ती हिंदीत, असं आमचं जमलं. तिने सगळे कागद शांतपणे वाचले. मग बायकोला खालच्या मजल्यावरून एक रिपोर्ट आणायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"अंकल, घर में चूहे मारने की दवा है?"

आता, मला हे विचारायचं म्हणजे गवयाला गाता का म्हणून विचारायचं. मी उशी पाठीशी घेऊन बसलो आणि व्याख्यान सुरू केलं. उंदीर संशयी असतो. त्याला आधी साधं खाणं. मग औषध. औषध असं, की खाल्ल्याबरोबर मरत नाही. रक्त गोठायचं थांबतं. चार-पाच दिवस तो मजेत हिंडतो, आतल्या आत रक्त वाहतं, आणि त्याला...

तिथे माझी जीभ थांबली. माझ्या हाताला सलाईन होतं, दंडावर काळा डाग होता, खाटेला लाल लघवीची पिशवी लटकत होती. हे व्याख्यान मी शंभर लोकांना दिलं असेल, पण ऐकलं पहिल्यांदाच.

"वही तो हम आपमें देख रहे हैं," ती हळूच म्हणाली. मग खुर्ची जवळ ओढून तिने विचारलं, माझं जगण्यावरून मन उडालं आहे का, मी स्वतः तर काही खाल्लं नाही ना. मी म्हणालो, नाही हो, माझं मन अगदी घट्ट बसलेलं आहे. तिने मान डोलावली. "बुरा मत मानिएगा. खाना कौन बनाता है?"

मला आधी हसू आलं. मग माझ्या लक्षात आलं की ती हसत नाही आहे. दाराच्या काचेतून बायको दिसत होती. रिपोर्ट घेऊन परत आली होती. एका हातात रिपोर्ट, दुसऱ्या हातात माझा जेवणाचा डबा, आणि ती वॉर्डातल्या बाईला काहीतरी रंगवून सांगत होती. तिच्या हातवाऱ्यांवरून मला कळलं काय सांगत होती ते. डोक्यावर हात ठेवण्याचा भाग चालला होता.

डॉक्टर म्हणाली, "मुझे ऊपर लिखकर देना पड़ेगा. पुलिस आकर पूछेगी, आपसे भी, आंटी से भी. और आज से घर का खाना बंद."

उंदीर मेलेला दिसला तरी दोन घास कमी खाणाऱ्या माझ्या बायकोला पोलीस विचारणार, वरणात काय घातलं होतं. तरीही, पाहा माणूस कसा असतो, मी आणखी एक खोटं बोलून पाहिलं. म्हणालो, हाताने कालवतो, हात नीट धुतले गेले नसतील. ती म्हणाली, नुसत्या हाताने इतकं व्हायचं नाही. रोज, पुन्हा पुन्हा, तोंडात काहीतरी जात असलं पाहिजे.

मी सांगून टाकलं. सोडली नाही हे सांगितलं, कुठे ठेवतो ते सांगितलं, कशी मळतो ते तळवा पुढे करून दाखवलं. तिने पेन खाली ठेवलं.

"अंकल, पूरे घर में आपको वही डिब्बा मिला?"

"बाकी सगळीकडे ती झाडते," मी म्हणालो. आणि कबूल करतो, त्या क्षणीही मला जागेच्या निवडीचा किंचित अभिमान वाटला.

मी तिला विनवलं की बायकोला तुम्हीच सांगा, हळूहळू, वैद्यकीय भाषेत. ती म्हणाली, नाही, हे तुम्हीच सांगायचं. आणि दार उघडून तिने बायकोला आत बोलावलं.

मी सांगितलं. खाली बघून सांगितलं, पण सगळं सांगितलं. पोलिसांचं आणि वरणाचंही सांगितलं. बायको स्टुलावर बसली. मला वाटलं आता आकाश फाटणार. तिने फक्त विचारलं, "कोणता डबा?"

"तोच."

मग ती डॉक्टरकडे वळली. "बच तो जाएँगे ना?" डॉक्टरने सांगितलं, जातील. पण हे औषध शरीरातून लवकर निघत नाही, महिनोन् महिने राहतं. रोज गोळ्या घ्याव्या लागतील, रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, आणि त्या डब्याला घरात कुणी उघड्या हाताने शिवायचं नाही. बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं. "तो अब घर का खाना दे सकती हूँ?" डॉक्टर हो म्हणाली, तशी तिने डबा उघडला, वरणभात कालवला आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. पुढचे तीन दिवस ती आली, जेवू घातलं, कपडे नेले, आणि एक शब्द बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिची बडबड कमी व्हावी म्हणून देवाला साकडं घातलं असेल. ते मी त्या तीन दिवसांत मनोमन परत घेतलं.

चौथ्या दिवशी तिसऱ्या घरातले ते गृहस्थ नारळपाणी घेऊन आले. बसल्याबसल्या माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, तुमच्यामुळं मी सुटलो. तुमच्यासारख्या निर्व्यसनी माणसाले हे काहून व्हावं?"

बायको कोपऱ्यातून म्हणाली, "सांगा ना त्यायले." तीन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. त्यांनी माझा हात सोडला. "म्हणजे तुमी मले लवंग चघळा म्हणून सांगून राहिले होते, तवा तुमच्या तोंडात..."

"होती."

"मी समजलो तुमी कमी बोलता!" आणि ते जे हसत सुटले, की नर्स पाहायला आली. मलाही हसू फुटलं. हसताना पोटावरचे डाग दुखत होते तरी थांबता येईना. डोळे पुसून ते म्हणाले, "मंग मी सोडली कोणाले पाहून?" मग त्यांनीच ठरवून टाकलं, "जाऊ द्या. आता मी येत जातो रोज संध्याकाळी तुमच्याजवळ बसाले. लवंग मी आणतो." ते अजूनही येतात. लवंग आणतात. आणि माझंच व्याख्यान मला ऐकवतात, शब्दही न बदलता.

त्या दिवशी ते गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच उरलो. बायको मोसंबी सोलत होती. मला ती शांतता सोसवेना. म्हटलं, "अवं, रागाव ना एकदाची. काहून अशी गप्प आहेस?"

तिने मोसंबी खाली ठेवली.

"राग तंबाखूचा नाही," ती म्हणाली. "तंबाखू काय, मेली, सुटते नाही सुटत. पण मरायले टेकले तरी तुमी बोलले नाही. डॉक्टर माझ्यावर संशय घेऊन आली तवा बोलले. नाही आली असती तर? तुमी मेले असते. अन् मी तेराव्याले आलेल्या एकेकाले सांगितलं असतं, का माझ्या माणसानं माझ्यासाठी एका दिवसात तंबाखू सोडली. जन्मभर सांगत बसली असती. अन् तुमी वरून ऐकत बसले असते."

मी रडलो. या वेळी त्यात तंबाखू नव्हती. ती उठली, तिने पदराने माझं तोंड पुसलं, आणि मग चार दिवसांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं. मला ते ऐकताना जितकं बरं वाटलं तितकं प्लाझ्मानेही वाटलं नव्हतं.

आता पाच महिने झाले. गोळ्या चालू आहेत, डाग गेले, रक्त पुन्हा गोठायला लागलं आहे. त्या दिवसापासून मी तंबाखूला हात लावलेला नाही. हे वाक्य मी पूर्वीही पुष्कळ लोकांना ऐकवलेलं आहे, म्हणून आता ते मी कुणाला म्हणत नाही. तिची खात्री पटली की तीच म्हणेल, कॉलनीभर म्हणेल, तिचा स्वभाव मला माहीत आहे. परवा भाजीच्या ठेल्यावर समोरच्या बाईंनी तिला विचारलं, "भैया ने अब तो छोड़ दी ना?" मी मागे पिशवी धरून उभा होतो. तिने मेथीच्या दोन जुड्या निवडून घेतल्या, माझ्याकडे एकदा वळून पाहिलं, आणि म्हणाली, "देख रही हूँ."